खूर दिसेपर्यंत

पुण्याजवळच्या नेरे गावात भाड्याची खोली शोधायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारायचे. आडनावावरून उमगलं नाही तर गाव, गावावरूनही नाही तर कुलदैवत, आणि तरीही माणसाचा पत्ता लागला नाही तर "आत्ताच गेली बघा खोली" असं सांगून मोकळे व्हायचे. मी परभणीहून आलेलो, हिंजवडीतल्या एका कंपनीत नुकताच चिकटलेलो. अशा तीन-चार तोंडी परीक्षांत नापास होऊन बबनतात्यांच्या ओट्यापाशी पोचलो, तेव्हा ते भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. अंगात बंडी, डोक्याला टोपी आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक स्टॉपवॉच. मी आडनाव सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी टरफल फेकून विचारलं,

"शिम कंचं हाय?"

"काय?"

"मोबाइलात शिम कंच्या कंपनीचं घातलंय?"

मी कंपनीचं नाव सांगितलं.

"म्हंजी हरण्या. मंग मागची खोली घ्या. फुडच्या खोलीत बादल पळतो, हरण्या तितं पार बसतो." मग घरात तोंड करून म्हणाले, "अगं, चा टाक. हरण्यावालं पावनं आल्यात."

जात, लग्न, पगार यांतलं काहीही न विचारता मला खोली मिळाली. तात्यांच्या घरात खोल्या अशाच वाटल्या जात. रस्त्याकडच्या बादलवाल्यांना, ओढ्याकडच्या हरण्यावाल्यांना आणि जिन्याखालची ढवळ्यावाल्यांना, कारण ढवळ्या कुठेही ठेवला तरी सारखाच रखडत चाले. बादल, हरण्या आणि ढवळ्या या त्या वेळच्या तीन मोबाइल कंपन्या. त्यांची खरी नावं तात्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी त्यांना बैलांची नावं दिली होती. मीही इथे तीच वापरतो. कंपन्यांना कळायचं नाही आणि बैलांना राग यायचा नाही.

बैलांचीच नावं का, तर तात्यांचं अर्धं आयुष्य बैलगाडा शर्यतीत गेलं होतं. ते गाडा पळवत नसत, ते घड्याळ लावत. इकडे गाडे एकमेकांच्या शेजारून पळत नाहीत. एकेक गाडा एकटाच घाट चढून जातो, त्याला बारी म्हणतात, आणि ज्याची बारी कमी वेळात होईल तो पहिला. म्हणजे बैल पळणार, मालक नाचणार, गुलाल उधळायला पोरं तयार, आणि सगळा निकाल घाटाच्या माथ्यावर बसलेल्या एका माणसाच्या अंगठ्यावर. मुळशी-मावळात तात्यांच्या अंगठ्यावर कुणी कधी शंका घेतली नव्हती. अपवाद एकट्या मारुतीअण्णांचा.

मारुतीअण्णा म्हणजे तात्यांचे थोरले चुलतभाऊ. दोघांच्या घरांत एका शेताचं अंतर, मधे ओढा. वाटण्या झाल्या तेव्हा दोघांनी मिळून वाढवलेला राजा नावाचा बैल अण्णांच्या वाट्याला गेला. पुढे एका जत्रेत राजा अण्णांच्या गाड्याला पळाला आणि तात्यांच्या घड्याळावर केसभरानं दुसरा आला. अण्णा घाटाचा माथा चढून आले आणि चारचौघांत म्हणाले, "बबन्या, तुजा अंगठा उशिरा पडला." तात्या म्हणाले, "दादा, घड्याळाला सोयरीक नसती." झालं. त्या दिवसापासून अण्णा तात्यांशी बोललेले नव्हते. लग्नात नाही, मयतीत नाही, बांधावर समोरासमोर आले तरी नाही. पुढे राजा म्हातारा होऊन गेला, शर्यती कोर्टकचेरीत अडकल्या, अबोला मात्र धडधाकट राहिला. तात्या हे सगळं हसत सांगायचे. पण दादाच्या आठवणीनं ते कासावीस होतात आणि पहिल्यानं बोलायला मात्र दोघंही तयार नाहीत, हे आम्हाला हौसाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं सांगितलं. "दोगंबी एकाच खुट्याची खोंडं," असंही त्या वर म्हणाल्या.

शर्यती बंद पडल्यावर घड्याळाला काम उरलं नाही, म्हणून तात्या दिसेल त्याची वेळ लावू लागले. काकूंचा चहा उकळायला लागणारा वेळ. पुढाऱ्याचं भाषण. भैरवनाथाची आरती, आणि आरती संपल्यावर देवळाच्या पायरीवरच निकाल: "औंदा गुरव ढिला पडलाय." भाडेकरूंच्या आंघोळीसुद्धा यातून सुटत नसत. मोरीच्या दाराबाहेरून आवाज यायचा, "हरण्या, लई वेळ झाला. टाकी भरायला हिर घरात न्हाई." एकदा गावात कुणाच्या तरी दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे हात जोडून उभे, तात्या घड्याळ धरून उभे. कावळा आला तेव्हा त्यांनी बटण दाबलं, आकडा वाचला आणि मयताच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "इच्छा राहिली व्हती म्हाताऱ्याची, पर किरकोळ." त्या मुलाला इतकं हायसं वाटलं की तो तिथेच हसला.

अशा घरात पुढच्या खोलीत निखिल राहायला आला. तो अमरावतीचा, पक्का बादलवाला. त्या काळात घरी इंटरनेट म्हणजे मोबाइल वायरीनं लॅपटॉपला जोडायचा आणि एखादं पान उघडायला लावून चहा पिऊन यायचं. परत आलं की निम्मं पान आलेलं असायचं. माझ्या हरण्याचं नेट जोरात की त्याच्या बादलचं, यावर आमची गच्चीत रोज जुंपायची. मी कांड्या दाखवायचो, म्हणजे फोनच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या रेघा, की बघ, पुऱ्या आहेत. तो त्याच्या दाखवायचा. एका रविवारी तात्या वर आले.

"कांड्या म्हंजी शिंगं," ते म्हणाले. "शिंगं बघून कुणी बैल घेतो व्हय? तोंडानं काय पळवताय, बारी लावा."

दोघांनी एकच वस्तू ओढायची, हे ठरवायला वेळ लागला नाही. जू सगळ्यांना सारखं पाहिजे, एवढं तात्यांना उपजत कळत होतं. वस्तू कोणती यावर आम्ही घोळ घालत होतो, तोवर ते खाली जाऊन भिंतीवरची फोटोची चौकट काढून घेऊन आले. फोटोत राजा उभा, शिंगांना गोंडे, अंगावर झूल. शेजारी हातात कासरा धरून फेटा बांधलेले तरुण मारुतीअण्णा. वाटणीच्या आधीचा फोटो. निखिलनं तो ऑफिसात नेऊन स्कॅन केला आणि नेटवर टाकला.

"आता ह्यो कुटं गेला?" तात्यांनी विचारलं.

"अमेरिकेत ठेवला जी. तिथून इथं ओढायचा."

"माज्या घरचा बैल अमेरिकेला कशापायी धाडला? हिंजवडीत ठिवायचा, चालत जाऊन आणला असता."

नेट इतकं मंद असायचं की फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायचा. आधी आभाळ, मग शिंगांची टोकं, मग अण्णांचा फेटा, कपाळ, मिशा, कासरा, राजाचं पोट, गुडघे आणि सगळ्यात शेवटी खूर. खूर दिसले की बारी झाली. तात्यांनी खुर्ची घेतली, रिकाम्या डब्याचा भोंगा केला आणि घाटावरच्या आवाजात सुरुवात केली. "सुटला, सुटला, हरण्या सुटला. आली शिंगं आली. अरं, शिंगं दावून कुटं थांबला?"

दर रविवारी संध्याकाळी हे चालू झालं. नियम कडक. बारी चालू असताना फोन हातात धरून उंच करायचा नाही. निखिल एकदा आभाळाला ओवाळल्यासारखा फोन फिरवताना सापडला, त्याची बारी बाद. पावसाळी हवेत बारी नाही, कारण चिखलाच्या घाटात बैल पळवत नाहीत. जागा बदलून बदलून बारी, जिन्यात एक, ओट्यावर एक, गच्चीच्या चारी कोपऱ्यांत. आमच्या आजूबाजूचे भाडेकरू येऊन बसू लागले. मारुंजी रस्त्यावरचा रिचार्जवाला सोमवारी सकाळी विचारून जायचा, "तात्या, काल कोण आलं?" आणि त्यावर कोणतं सिम पुढे मांडायचं ते ठरवायचा. आमच्या एवढं लक्षात आलं होतं की डब्यातून चाललेला तो आरडाओरडा अण्णांचा फेटा आला की थोडा कमी व्हायचा. मिशा पुऱ्या होईपर्यंत तात्या गप्प बसून पडद्याकडे बघत. मग कासरा आला की पुन्हा भोंगा सुरू.

तात्यांच्या घड्याळाला चूक नव्हती म्हणून तात्यांच्या हातून चूक होत नव्हती असं नाही. निखिलनं लॅपटॉपला थेट खोचायचं नेटचं नवं कार्ड आणलं. बोटाएवढा तो दांडा असा पळाला की भोंग्यातून "शिंगं" म्हणेपर्यंत खूर आले. तात्यांनी कौतुकानं त्याच्या पाठीवर बोट ठेवलं, तर चटका बसला. "तापलाय बिचारा," ते म्हणाले. "दम खाऊ द्या." आम्ही खाली भजी खायला गेलो. परत आलो तर तो दांडा ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीला ठेवलेला. वरून तात्या तांब्यानं पाणी शिंपडत होते. शर्यतीच्या बैलाला बारी झाल्यावर असंच करतात.

"काय करून ठेवलं जी तात्या," निखिल पोतं सोडवत म्हणाला.

दांडा पुन्हा लावला, तर त्यात धुगधुगी नाही. तात्यांनी टोपी काढली. "ऊर फुटला त्याचा," ते म्हणाले, आणि त्याला ओढ्याकाठी पुरायचा का, असं अगदी गंभीरपणे विचारलं. निखिलचा राग काकूंनी मासवड्या वाढून उतरवला. चार घास पोटात गेल्यावर तो म्हणाला की दांडा तसाही जरा अशक्तच वाटत होता.

मग टॉवर आला. हरण्या कंपनीचा टॉवर, आणि तो तात्यांच्याच गच्चीवर. गावात पहिल्यांदाच कुणाच्या घरावर असा मान आला होता. भाडं दरमहा मिळणार होतं आणि काकूंनी त्यावर मनातल्या मनात वरचा मजला बांधून भाडेकरूही ठेवले होते. ओढ्यापलीकडे मारुतीअण्णा ओट्यावर बसून टॉवरकडे पाहत आणि कुणी बघतंय असं वाटलं की तोंड फिरवत.

जत्रा जवळ आली तसे कंपनीचे एक साहेब गाडीतून आले. रविवारच्या बाऱ्यांची ख्याती त्यांच्यापर्यंत गेली होती. त्यांची कल्पना अशी की जत्रेच्या दिवशी तात्यांच्या गच्चीवर, थेट टॉवरखाली, जाहीर बारी लावायची. तीन कंपन्या, तीन लॅपटॉप, लाऊडस्पीकर, आणि घड्याळ तात्यांचं, कारण त्या घड्याळावर पंचक्रोशीचा विश्वास. वर गावाला फुकट टोप्या. निखिलनं त्यांना हळूच सांगून पाहिलं, "सर, टॉवर रेंज लांब फेकतो, पायापाशी नाही सांडत. दुसरी जागा बघा." साहेब नुसते हसले.

जत्रेच्या दिवशी गच्ची भरली, रस्त्यावर माणसं उभी राहिली. तात्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात खरा माइक, त्यामुळे आवाज दुप्पट चढलेला. बादल सुटला आणि खुरापर्यंत सरळ आला. ढवळ्या खाली मान घालून रडतखडत का होईना, पण पोचला. शेवटी हरण्या. आभाळ आलं, शिंगं आली, अण्णांचा फेटा आला, अर्धं कपाळ आलं आणि सगळं तिथेच थांबलं. लोक थांबले. साहेबांनी घाम पुसला. कपाळ काही पुढे सरकेना.

साहेबांनी पुढे होऊन माइकवर हात ठेवला. मी शेजारीच होतो. "तात्या," ते हळू आवाजात म्हणाले, "टॉवर तुमच्याच घरावर आहे. करार यंदा संपतोय. आम्हाला पहिलं म्हणू नका, पण सगळे सारखे आले म्हणा. कोण बघतंय?"

काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं नसेल, पण साहेबांचा चेहरा वाचायला त्यांना शाळा लागत नव्हती. त्यांनी तात्यांकडे पाहून मान हलवली, म्हणजे घ्या ऐकून. तात्यांनी गच्चीच्या कठड्यापलीकडे पाहिलं. ओढ्याच्या त्या अंगाला मारुतीअण्णा आपल्या ओट्यावर उभे होते. लाऊडस्पीकर त्यांच्याकडेच तोंड करून बांधलेला होता.

तात्यांनी साहेबांचा हात अलगद बाजूला केला. "बादल पयला," ते माइकवर म्हणाले. "ढवळ्या दुसरा. हरण्या अजून कपाळावरच हाय. आमच्याच डोईवर टॉवर आन आमच्याच घरात बोंब. दिव्याखाली अंधार म्हंत्यात, त्यो ह्यो."

गाव पोट धरून हसलं. साहेबांनी टोप्यांची खोकी परत गाडीत घातली.

काकूंनी तो आठवडा तात्यांना जेवायला वाढलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. तात्यांशी अबोला धरणारी माणसं आता दोन झाली, असं निखिल म्हणाला, पण ते कुणाला फारसं आवडलं नाही. मी एकदा धीर करून तात्यांना विचारलं, एवढं काय अडलं होतं, सारखे म्हटलं असतं तर काय झालं असतं. ते शेंगा फोडत होते. फोडायचे थांबले.

"हितं खोटं बोललो असतो," ते म्हणाले, "तर दादा त्या दिशी बोलला ते खरं झालं असतं. मंग माजा भाऊ फुकटच गेला की."

करार संपला तसे कंपनीचे लोक आले, टॉवर उतरवला आणि ओढा ओलांडून मारुतीअण्णांच्या घरावर नेऊन बसवला. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागं लागला, असं गाव तात्यांना म्हणू लागलं. अण्णांच्या दारात पेढे वाटले गेले, पण ते इकडे आले नाहीत. काकूंनी वरचा मजला मनातल्या मनात पाडला. पण त्याच आठवड्यात बारी लावली तर काय, तात्यांच्या गच्चीवर हरण्या असा सुटला की भोंगा तोंडाला लावायला वेळ मिळेना. टॉवर आता बरोबर त्याला हव्या त्या अंतरावर गेला होता. आणि अण्णांच्या घरात रेंजचा शुकशुकाट. त्यांचे भाडेकरू बगलेत लॅपटॉप मारून ओढा ओलांडून आमच्या गच्चीवर येऊ लागले. तात्या त्यांना कौतुकानं चहा पाजत आणि सिम विचारून कोपरा वाटून देत. काकू बोलू लागल्या, कारण एवढ्या चहाला दूध पुरेना आणि ते कुणाला तरी सांगणं भाग होतं.

२०१० साली मी वाकडला फ्लॅट घेतला आणि नेरे सोडलं. जायच्या आधीचा रविवार. उन्हं उतरलेली, गच्चीत आम्ही पाच-सहा जण, निखिलनं नवीनच घेतलेल्या ढवळ्याच्या सिमवर बारी चालू. अशात जिन्यावर पावलं वाजली. अण्णांचा एक भाडेकरू लॅपटॉप घेऊन वर आला आणि त्याच्यामागे, कठड्याला धरत धरत, मारुतीअण्णा.

भोंगा थांबला. त्या भाडेकरूनंच सांगितलं. अण्णांच्या चेन्नईतल्या मुलाला मुलगा झाला होता, मुलानं फोटो मेलवर पाठवला होता, आणि अण्णांच्या घरात तो दोन दिवस उघडत नव्हता. "म्हटलं, इथं उघडेल."

निखिलच्या पडद्यावर ढवळ्या आपल्या चालीनं उतरत होता. शिंगं आली होती, फेटा आला होता, आणि आता कपाळाखाली मिशा येत होत्या. अण्णांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग वाकून पाहिलं.

"ह्यो मीच न्हवं?"

"व्हय," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज भोंग्याशिवाय फारच लहान वाटला. "दर ऐतवारी येतोस, दादा."

कासरा आला. राजाचं पोट आलं. अण्णा खाली सतरंजीवर बसले.

"त्या दिशी तुजा अंगठा उशिरा पडला व्हता," ते म्हणाले.

"न्हाई पडला."

"पडला व्हता."

"न्हाई, दादा."

माझ्या मनात आलं, संपलं, आता आणखी तितकीच वर्षं. पण अण्णा उठले नाहीत. त्यांनी ओढ्याकडे, आपल्या घरावरच्या टॉवरकडे पाहिलं.

"जत्रंला समदं ऐकलं म्या," ते म्हणाले. "लई वंगाळ माणूस हायेस तू." मग त्यांनी सतरंजीवर हात आपटला. "लाव. माज्या नातवाची बारी लाव."

तात्यांनी खुर्ची सोडली आणि त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसले. गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं. त्या भाडेकरूनं हरण्यावर फोटो उघडला आणि तात्यांनी बटण दाबलं. आधी पांढरी चादर आली, मग काळंभोर जावळ. मग कपाळ, मिटलेले डोळे, आणि नाक आल्याबरोबर अण्णा म्हणाले, "आपल्या आज्याचं हाय," आणि तात्या म्हणाले, "व्हय, तंतोतंत." दोघांचा आजा एकच. नीट दिसावं म्हणून अण्णांनी तात्यांच्या खांद्यावर हात टेकला आणि पुढे वाकले, तो हात त्यांनी परत काढला नाही. मुठी आल्या. दुपट्याची गाठ आली. आणि शेवटी चांदीचे वाळे घातलेले दोन इवलेसे पाय.

"आले ना जी पाय," निखिल म्हणाला. "टाइम सांगा तात्या."

तात्यांनी ऐकलंच नाही. अंगठा बटणावर होता आणि घड्याळ पळतच होतं.